पन्नाशीतील विद्यार्थिदशा : वैद्याने नीतिशास्त्र का शिकावे?

नीतीचा प्रश्न स्वतःची ओळख सांगून चिकित्सालयात येत नाही. कधी तो प्रमाणपत्राचा कागद होऊन येतो, कधी औषधांच्या मागणीपत्राच्या रूपाने, तर कधी परिचिताच्या दूरध्वनीवरून. आमच्यापुढे तो अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराच्या दोन हातांच्या रूपाने आला. त्या प्रसंगाने अस्वस्थ होऊन, वयाच्या पन्नाशीत व व्यवसायाची पंचवीस वर्षे झाल्यावर, आम्ही एका विद्यापीठाच्या नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. त्या अध्ययनाने काय दिले व काय दिले नाही, हे वैद्यबंधुभगिनींपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक प्रमाणपत्र

अंबरनाथ हे शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाचे शिवमंदिर असलेले प्राचीन स्थान. आज मात्र बहुतेकांस ते औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असते. मोरिवली आणि आनंदनगर या भागांत रसायनांचे, अभियांत्रिकीचे व औषधांचे कारखाने आहेत. तेथील कामगारांत कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा. खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर भारतातून आलेली ही मंडळी अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगरच्या चाळींत राहतात आणि त्वचेचे, श्वासाचे व पचनाचे विकार घेऊन संध्याकाळी आपल्या चिकित्सालयांच्या बाकांवर बसलेली असतात.

असाच एक पस्तिशीचा गृहस्थ आमच्याकडे आला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कंडू, स्राव व भेगा असलेली विचर्चिका होती. इतिहास विचारता त्याने सांगितले की, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कंडू उणावतो, गणपतीला गावी गेला असता आठ दिवसांत हात जवळजवळ स्वच्छ झाले होते आणि परत कामावर रुजू होताच तिसऱ्या दिवशी पूर्ववत झाले. निदानपरिवर्जन हीच संक्षेपाने चिकित्सा, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकलो. येथे निदान रुग्णाने स्वतःच दाखवून दिले होते. आम्ही लेप, अभ्यंतर औषधे व पथ्य दिले आणि काही दिवस कामापासून दूर राहण्यास सांगितले. त्यासाठी त्यास प्रमाणपत्र हवे होते.

त्याच सायंकाळी कारखान्याच्या कार्यालयातून एका परिचिताचा दूरध्वनी आला. "वैद्यराज, रजा खुशाल लिहा. फक्त त्वचारोग एवढेच लिहा, कामाचा उल्लेख कशाला? उगाच कागदपत्रे वाढतात." बोलणे अत्यंत सौजन्याचे होते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्या कारखान्याकडून आमच्या छोट्या फार्मसीस तेल, मलम व काढ्यांची बऱ्यापैकी मागणी येत असे. त्या मागणीचा उल्लेख त्यांनी केला नाही आणि आम्हीही केला नाही. परंतु ती आम्हां दोघांच्याही मनात होती, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आम्ही 'विचर्चिका, विश्रांतीची आवश्यकता' असे लिहून दिले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. महिन्याभराने कंत्राटदाराने त्या कामगारास 'त्वचारोगी' म्हणून कामावरून कमी केले. भरपाईच्या कायद्यांच्या तिसऱ्या अनुसूचीत कामाच्या ठिकाणच्या भौतिक, रासायनिक व जैविक कारणांनी होणाऱ्या त्वचारोगांचा समावेश आहे, परंतु त्याच्या हाती जो एकमेव वैद्यकीय कागद होता त्यावर कामाचा उल्लेखच नव्हता. तो शेवटचा आला तेव्हा त्याने कोणतीही तक्रार केली नाही. औषधाचे उरलेले पैसे दिले आणि गावी जातो असे सांगितले. त्यानंतर त्याचा दूरध्वनी लागला नाही.

अंबरनाथच्या बाजारात आम्हांस भेटणाऱ्या चार समव्यावसायिकांना आम्ही हा प्रसंग सांगितला. तिघांनी 'तुमचे काय चुकले?' असे विचारले, एकाने 'चुकलेच' असे सांगितले. मात्र का चुकले नाही किंवा का चुकले, याचे नीट कारण पाचांपैकी एकासही देता आले नाही. आम्हांस अधिक बोचले ते हेच. ज्या व्यवसायात आपण प्रत्येक कल्पाची कारणमीमांसा मागतो, त्याच व्यवसायात आपल्या आचरणाची कारणमीमांसा आम्हांस येत नव्हती.

संहिता असताना विद्यापीठ कशाला?

हा आक्षेप आम्हांस अनेकांनी घेतला आणि तो रास्त आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठव्या अध्यायात सद्वृत्त आहे. नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद व वैद्याचे गुण आहेत, आणि मैत्री, कारुण्य, साध्य रोगाविषयी प्रीती व मरणोन्मुखाविषयी उपेक्षा अशी वैद्याची चतुर्विध वृत्ती सांगितली आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास अग्नीच्या व ब्राह्मणांच्या साक्षीने दिलेला उपदेश आहे. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, रुग्णाच्या हिताविरुद्ध मनानेही वागू नये, हे त्यात स्पष्ट आहे. चिकित्सा हा केवळ विक्रीचा माल करणाऱ्यास चरकाने सुवर्णराशी सोडून धुळीची रास घेणाऱ्याच्या पंक्तीस बसविले आहे. एवढे भांडार घरात असता आणखी काय शिकावयाचे?

आमचे उत्तर असे की, ते भांडार उघडण्यासाठीच शिकावयाचे. उदाहरणार्थ, विमानस्थानातील त्याच उपदेशात राजाचा द्वेष ओढवलेल्यांस औषध देऊ नये आणि पती किंवा रक्षक जवळ नसलेल्या स्त्रीची चिकित्सा करू नये, असेही सांगितले आहे. आज आपल्यापैकी एकही वैद्य हे पाळत नाही, आणि पाळू नये. रात्री एकटी आलेली कामगार स्त्री आपण परत पाठवीत नाही. म्हणजे त्याच उपदेशातील गुप्ततेचा नियम आपण शिरोधार्य मानतो आणि दुसरा बाजूस ठेवतो. ही निवड आपण कोणत्या आधारावर करतो? त्या नियमामागील हेतू कोणता होता, तो आज अन्य मार्गाने साधतो काय, आणि कोणता नियम कालसापेक्ष व कोणता नित्य, हे ठरविण्याची रीत म्हणजेच नीतिशास्त्र. संहिता आपणांस आचार देते. आचारांत विरोध आला असता विचार कसा करावा, याचा अभ्यास मात्र प्रयत्नपूर्वक करावा लागतो.

त्याच उपदेशात आणखी एक सूचना आहे. रुग्णाचे आयुष्य क्षीण झाल्याचे कळले तरी, ते सांगितल्याने रुग्णास वा इतरांस आघात होईल तेथे सांगू नये. याउलट आजचे वैद्यकीय नीतिशास्त्र रुग्णाच्या संमतीवर व माहितीच्या अधिकारावर उभे आहे. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये जी संहिता निघाली तिने मनुष्यावरील प्रयोगांसाठी स्वेच्छेने दिलेली संमती ही पहिली अट ठरविली, कारण त्यापूर्वी संमतीविना काय घडू शकते हे जगाने पाहिले होते. चरक आणि न्यूरेंबर्ग यांतील एकास जुने व दुसऱ्यास परकीय म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु कर्करोगाच्या रुग्णाचा मुलगा 'बाबांना सांगू नका' म्हणून दारात हात जोडून उभा राहतो, तेव्हा दोन्ही विचार आपल्यासमोर एकाच वेळी उभे असतात. तेथे 'आमच्या परंपरेत असे आहे' किंवा 'कायद्यात असे आहे' एवढ्याने भागत नाही.

मराठीस हा विचार नवा नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण याच कारणास्तव आरंभी आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय ही तत्त्वे परस्परांशी किंवा प्रसंगाशी भिडतात तेव्हा शहाण्या माणसासही मोह का पडतो, हे तेथे विवरिले आहे. पुढे मिल, कांट, ग्रीन या पाश्चात्त्य पंडितांची मते घेऊन त्यांची गीतेशी तुलना केली आहे. वामन मल्हार जोशी यांचा 'नीतिशास्त्रप्रवेश' १९१९ चा. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासूनचे. शंभर वर्षांपूर्वी ज्या भाषेत हे प्रौढ चिंतन झाले, त्या भाषेतील वैद्यांनी नीतीचा विषय केवळ दीक्षान्त समारंभाच्या शपथेपुरता ठेवावा, हे शोभणारे नाही.

वर्गात काय घडते

आमचा अभ्यासक्रम दूरशिक्षणाचा होता. वाचन घरी, लेखी प्रकरणे टपालाने व संगणकावरून, आणि वर्षातून काही दिवस प्रत्यक्ष वर्ग. वर्गात एक परिचारिका, दोन वकील, एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागातील रसायनशास्त्रज्ञ, तीन ॲलोपॅथीचे डॉक्टर आणि आम्ही एकमेव वैद्य. पहिल्या दिवशी आमची अपेक्षा होती की प्राध्यापक योग्य काय व अयोग्य काय ते सांगतील. तसे काहीच घडले नाही. त्यांनी प्रत्येकास आपल्या व्यवसायातील एक न सुटलेला प्रसंग लिहून आणण्यास सांगितले. आम्ही अर्थातच प्रमाणपत्राचा प्रसंग लिहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितले ते अनपेक्षित होते. 'या प्रसंगात कारखान्याच्या अधिकाऱ्याची बाजू, तो स्वतःही मान्य करील इतक्या समर्थपणे, दोन पानांत मांडा.' आम्हांस ते अतिशय जड गेले. परंतु लिहीत असता लक्षात आले की त्या बाजूतही काही तथ्य आहे. एका तपासणीवरून रोगाचे कारण कारखान्यातच आहे असे निश्चित म्हणता येत नाही. कामगार घरी किंवा दुसऱ्या ठिकाणी सिमेंटचे काम करीत असू शकतो. वैद्याने न पाहिलेल्या जागेविषयी निवाडा देऊ नये. हे सर्व खरे. मग प्रामाणिक वैद्याने काय लिहावयास हवे होते? दोन पाने लिहून झाल्यावर उत्तर आपोआप पुढे आले. कारणाचा निवाडा आम्ही देऊ शकत नव्हतो. परंतु 'रुग्णाच्या कथनानुसार लक्षणे कामावर असताना वाढतात व सुट्टीत उणावतात; कामाच्या संपर्काची तपासणी होणे इष्ट' एवढे लिहिणे आमच्या ज्ञानाच्या मर्यादेत पूर्णतः बसत होते. आम्ही ते वगळले. वगळले ते ज्ञान अपुरे होते म्हणून नव्हे. मागणीपत्र जाईल या भीतीने वगळले.

असत्य न बोलताही दुसऱ्यास चुकीच्या समजुतीत ठेवता येते, यासाठी आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार पूर्वापार आहे. धर्मराजाचा रथ त्यानंतर जमिनीस टेकला, ही कथा आपण मुलांस सांगतो. आमचे प्रमाणपत्र त्याच जातीचे होते. वर्गात यास जोडून आणखी एक संज्ञा मिळाली, ती दुहेरी निष्ठेची. चिकित्सकाची निष्ठा रुग्णाशी असावी अशी अपेक्षा असते. परंतु कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी, सैन्यातील वा तुरुंगातील डॉक्टर यांची दुसरी निष्ठा वेतन देणाऱ्याशीही असते, आणि रुग्णास ती दिसत नाही. आम्ही त्या कारखान्याचे नोकर नव्हतो, म्हणून ही संज्ञा आपणांस लागू नाही असे आम्हांस वाटले होते. परिचारिका भगिनीने एकच प्रश्न विचारला, 'पावसाळ्यातील मागणी किती रुपयांची होती?' वर्गात क्षणभर शांतता झाली. प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गाचा हा मोठा लाभ. विशीतील विद्यार्थी पुस्तकातील प्रसंगांवर बोलतात. पन्नाशीतील विद्यार्थी स्वतःचे प्रसंग घेऊन येतात आणि परस्परांचे बहाणे ओळखतात.

चरकाने वर्णिलेली तद्विद्यसंभाषा हीच होय, असे आम्हांस वारंवार वाटले. संभाषेने ज्ञान वाढते, संशय फिटतो आणि बोलण्याचे सामर्थ्य येते, असे विमानस्थानात प्रतिपादिले आहे. तेथे मैत्रीपूर्वक होणारी संधायसंभाषा व जिंकण्यासाठी होणारी विगृह्यसंभाषा असे भेद आहेत. आपल्या संघटनांच्या सभांत दुसऱ्या प्रकाराचा अनुभव आपणांस पुष्कळ असतो. पहिल्याचा दुर्मीळ. आपली चूक समव्यावसायिकांपुढे ठेवण्यास सुरक्षित जागा विद्यापीठाच्या वर्गात मिळते.

फार्मसीच्या दारातील प्रश्न

या त्रैमासिकाच्या वाचकांत औषधनिर्माते व विक्रेते मोठ्या संख्येने आहेत, आणि अनेक वैद्य स्वतःच फार्मसीचे मालकही आहेत. त्यांच्यासाठी या अध्ययनातील तीन प्रश्न मुद्दाम नोंदवितो.

पहिला प्रश्न लिहिणारा आणि विकणारा एकच असण्याचा. वैद्याने स्वतः औषध करून देणे ही आपल्या परंपरेची शोभा आहे. रुग्णास त्यामुळे खात्रीचे द्रव्य मिळते. परंतु आज बरेचदा कल्प लोन लायसन्सवर दुसऱ्याच्या कारखान्यात तयार होतो, आपले केवळ नाव लागते, आणि चिठ्ठीवर आपलेच नाव असलेला कल्प लिहिला जातो. परंपरेने दिलेला विश्वास तसाच राहिला, मात्र त्यामागील स्वहस्ते केलेली परीक्षा राहिली नाही. येथे हितसंबंध असणे हाच दोष, असे नीतिशास्त्र म्हणत नाही. तो झाकलेला असणे हा दोष. 'हा कल्प आमच्या फार्मसीचा आहे. याच पाठाचा अन्यत्रही मिळतो' हे वाक्य रुग्णास सांगण्यास पाच सेकंद लागतात. आम्ही ते सांगू लागल्यावर विक्री किंचित घटली, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

दुसरा प्रश्न दोन रुग्णांतील भेदाचा. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि मोठा गदारोळ उडाला. पुढे १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज आयुर्वेदीय औषधांस जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. सक्ती त्या वेळी निर्यातीपुरती होती. परदेशी मालास चाचणी आणि बदलापूरच्या रुग्णास विश्वास, हा भेद कायद्याने तेव्हा चालत होता. तो न्यायाने चालतो काय? १९७९ मध्ये बोशां व चिल्ड्रेस या अमेरिकन विद्वानांनी वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे मांडली : रुग्णाची स्वायत्तता, हित, अहित न करणे आणि न्याय. पहिली तीन आपणांस परिचित वाटतात. चौथ्याचा विचार आपल्या व्यवसायात सर्वांत कमी होतो.

तिसरा प्रश्न कारखान्याच्या मागच्या दाराचा. वर्गात एका औषधनिर्माणशाळेच्या निर्णयाने कोणकोण बाधित होते याची यादी आम्ही केली : रुग्ण, वैद्य, विक्रेता, कामगार. प्राध्यापकांनी विचारले, 'भांडी धुतलेले पाणी कोठे जाते?' आम्हांस वालधुनी आठवली. काकोळ्याच्या बाजूने येऊन, औद्योगिक वसाहतीतून, प्राचीन शिवमंदिराच्या कुशीवरून ती उल्हासनगरकडे जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात रसायने सोडली गेल्याने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांस त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. आयुर्वेदीय फार्मसीचा वाटा या प्रदूषणात अल्प असेल. परंतु जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते हे ठाऊक नसावे, हे बरोबर नव्हे.

कायदा पाळला म्हणजे झाले, असे येथे अनेकजण म्हणतील. कायदा पाळलाच पाहिजे. भारतीय वैद्यकाच्या चिकित्सकांसाठी व्यावसायिक आचरणाचे विनियम १९८२ पासून आहेत. आता भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाचे नीती व नोंदणीविषयक विनियम आले आहेत. उत्पादनासाठी शेड्यूल टी २००० पासून लागू आहे. परंतु कायदा बदलता असतो. जाहिरातींविषयीचा नियम १७० हा डिसेंबर २०१८ मध्ये आला, जुलै २०२४ मध्ये तो वगळण्याची अधिसूचना निघाली, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि २०२५ मध्ये ते प्रकरणच निकाली निघाले. या सर्व काळात 'मधुमेह समूळ नष्ट' अशी जाहिरात वाचून इन्शुलिन सोडणाऱ्या रुग्णास होणारा अपाय मात्र एकसारखाच होता. नियम असो वा नसो, ती जाहिरात देऊ नये हे ज्यास स्वतःच्या बुद्धीने सांगता येते, तोच वैद्य रुग्णाच्या विश्वासास पात्र होय.

कोठे व कसे शिकावे

इच्छुकांसाठी काही मार्ग सांगतो. प्रवेशाच्या अटी व शुल्क दरवर्षी बदलतात, म्हणून चौकशी त्या त्या संस्थेकडेच करावी. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वैद्यकीय कायदा व नीती यांची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने घेता येण्याजोगी म्हणून परिचित आहे. मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठाने जैवनीती व वैद्यकीय नीतीची पदविका चालविली आहे. पुण्याच्या सिंबायोसिसचा वैद्यक-विधीविषयक अभ्यासक्रम कायद्याकडे अधिक झुकणारा आहे. ज्यांस तत्त्वज्ञानाच्या मुळापासून आरंभ करावयाचा आहे, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या तत्त्वज्ञानाच्या एम. ए. मध्ये नीतिशास्त्राचा अंतर्भाव आहे आणि तेथे कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग कालिन्यास आहे. अंबरनाथहून कुर्ल्यापर्यंत तासाभराची लोकल, तेथून बस.

शिकण्यासाठी पदवीच हवी असे नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील काही डॉक्टर व्यवसायातील गैरप्रकारांनी व्यथित होऊन एकत्र आले. त्यांच्या 'फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटी'ने १९९३ मध्ये वैद्यकीय नीतीस वाहिलेले नियतकालिक सुरू केले. केईएम रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या त्याचे पहिले संपादक होते. तेच आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नावाने निघते व संगणकावर विनामूल्य वाचता येते. या गटाच्या पुढाकाराने २००५ मध्ये पहिली राष्ट्रीय जैवनीती परिषद मुंबईतच भरली. व्यवसाय सांभाळून, रात्रीच्या वेळी, पदरमोड करून चालविलेले हे अध्ययनच होते. वैद्यांनी त्याचे अनुकरण का करू नये?

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. बहुतेक पाठ्यसामग्री इंग्रजीत आहे. उदाहरणे कृत्रिम श्वसनयंत्राची, अवयवरोपणाची व अतिदक्षता विभागाची असतात. नाडी, पथ्य, भस्म यांचे जग त्यांत क्वचित येते. परीक्षेच्या तोंडावर रुग्णांची गर्दी असते आणि पन्नाशीत स्मरणशक्ती दगा देते. घरून विचारले जाते की या पदविकेने रुग्ण वाढणार आहेत काय? त्याचे उत्तर 'नाही' असेच आहे. अध्ययनाने माणूस सज्जन होतो अशीही आमची समजूत नाही. नीतिशास्त्र उत्तम जाणणारा मनुष्य लबाड असू शकतो, जसा पथ्य उत्तम जाणणारा वैद्य स्वतः अपथ्य करू शकतो. लाभ एवढाच की, चुकत असताना आपण चुकत आहोत हे लवकर कळते, आणि न चुकण्याचा एखादा मार्ग शब्दांत मांडता येतो.

आमच्या चिकित्सालयात त्यामुळे थोडासा बदल झाला. कामगारांच्या केसपेपरवर आता कामाचे स्वरूप, हाताळावे लागणारे द्रव्य व सुट्टीतील उपशय यांची स्वतंत्र नोंद असते. प्रमाणपत्रावर रुग्णाचे कथन व आमचे निरीक्षण वेगवेगळे लिहिले जाते, आणि ते देण्यापूर्वी रुग्णास वाचून दाखविले जाते. कारण कामाचा उल्लेख करण्याने नोकरी जाण्याचा धोका त्याचा असतो, म्हणून निर्णयही त्याचा असला पाहिजे. पूर्वी असा निर्णय आम्ही परस्पर घेत होतो, हे आम्हांस वर्गात प्रथम उमगले. त्या कारखान्याची पावसाळी मागणी पुढील वर्षी आली नाही. आम्हीही विचारावयास गेलो नाही.

ज्याच्यामुळे हे सर्व शिकलो त्या कामगारास याचा काहीही लाभ झाला नाही. त्याचा केसपेपर अद्याप आमच्या कपाटात आहे. तो परत आला तर निदान त्यावरून योग्य ते लिहून देता यावे, म्हणून ठेवला आहे.

संघटनेच्या शाखांना आमची विनंती एवढीच की, प्रत्येक त्रैमासिक सभेत एखादा तास औषधी कंपनीच्या सादरीकरणाऐवजी संधायसंभाषेस द्यावा. एका वैद्याने किंवा औषधनिर्मात्याने आपला न सुटलेला एक प्रसंग, रुग्णाची ओळख झाकून, मांडावा. इतरांनी निवाडा न देता प्रथम विरुद्ध बाजू समर्थपणे मांडावी. चार सभांनंतर ज्यास अधिक शिकावेसे वाटेल त्याने विद्यापीठाची वाट धरावी. अंबरनाथ-बदलापूर परिसरातील सभेस पहिला प्रसंग आम्ही देऊ. तो वर सांगितलाच आहे.

इत्यलम्.